पहिल्या गोळीचं लाल वर्तुळ

हेमलॉक क्रीक या आमच्या खाणीच्या गावात रेनो काल्लियोंना घाई करायला लावेल असा माणूस झाला नाही. खाणीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं लेथवर उभे राहिलेले ते. केसाच्या जाडीएवढा फरक त्यांना बोटाच्या टोकाला कळायचा. खाण बंद पडली, बायको गेली, मुलगी ग्रीन बे शहरात राहायला गेली. यांच्याकडे उरलं ते आमच्या नेमबाजी क्लबातलं एक नंबरचं टेबल.

पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम उघडतो. त्याच्या आधी ऑक्टोबरात अख्खं गाव रायफली घेऊन क्लबावर येतं. रायफलीवरची दुर्बीण हललीय का, बघतोय तिथंच गोळी जातेय का, हे तपासायला. रेनो सगळ्यांच्या रायफली बघून द्यायचे, फुकट. कुणी मांस-बटाटा भरलेली पास्टी आणून ठेवायचं, कुणी निसू, म्हणजे वेलदोडा घातलेला गोड पाव. दुधाचा व्यवसाय करणारा एकजण दरवर्षी काही न देता नुसता हात हलवून जायचा, त्याचीही बघून द्यायचे.

त्यांची पद्धत मात्र जीव खायची. एक गोळी झाडायची. मग चालत शंभर यार्ड जायचं, भोकाभोवती लाल पेन्सिलीनं वर्तुळ काढायचं, खाली तारीख घालायची. परत येऊन बसायचं. नळीला हाताची मागची बाजू लावून बघायची, गार झाली की नाही. गार झाली म्हणजे पुढची. एकेका माणसाला पाऊण तास. रांग पार फाटकापर्यंत.

"रेनो, हरीण म्हातारं होऊन मरेल तोवर," रांगेतली व्हर्ना लाहती म्हणायची. तिच्या जिभेला हाड नाही.

"मग तुझ्या गोळीचा खर्च वाचला," रेनो म्हणायचे, आणि पुन्हा नळीला हात लावायचे.

क्लबाची रीत याच्या उलटी. आमच्याकडे पहिली गोळी धरत नाहीत. ती नळी तापवायची म्हणून झाडायची, तिच्या भोकावर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि मग पुढच्या तीन मोजायच्या. माझे बाबा असंच करायचे, त्यांचे बाबाही. रेनो तेवढे पहिल्या गोळीला वेगळा कागद लावायचे. आम्ही त्याला म्हातारपणाचं खूळ म्हणायचो.

आता माझं. मी डेला पेल्टो. शाळेची बस चालवते, आणि एका कागदाचं पत्रक काढते. ते लाँड्रीत, बारमध्ये आणि चर्चच्या हॉलमध्ये ठेवलेलं असतं. लाकूड कंपनीनं जंगलाच्या रस्त्याला फाटक घातलं तेव्हा ते उघडायला लावलं ते याच पत्रकानं. शाळा मी दहावीत सोडली. बाकीचं भांडत भांडत शिकले. तर मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, हे गावाला माहीत आहे आणि रेनोंनाही माहीत होतं.

त्या वर्षी हार्डवेअरच्या दुकानात एक बोल्ट-ॲक्शन रायफल आली. काळा प्लास्टिकचा दस्ता, नळीवर धड पॉलिश नाही, बोल्ट मागे ओढला की खर्रकन् आवाज. दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या अक्रोडी दस्त्याच्या रायफलीची जी किंमत, तिच्या पावपटीतही नाही. आमच्या गावात लोकांना जेमतेम हेच परवडतं. मी घेतली. घेतानाच ठरवलं होतं, हिच्यावर लिहायचं. स्वस्त म्हणजे वाकडं मारणारी, असं सांगत फिरणाऱ्यांची तोंडं बंद करायची.

सोमवार ते शुक्रवार, पाच दिवस, मुलांना घरी सोडलं की बस डेपोत लावून मी सरळ क्लबावर जात होते. पहिल्याच दिवशी कळलं की रायफल सोनं आहे. तीन गोळ्या, शंभर यार्ड, आणि तिन्ही भोकांवर मी बिअरच्या बाटलीचं झाकण ठेवलं तर तिन्ही झाकली गेली. पाचही दिवस तेच. डॉक्टरांच्या रायफलीनं असे तीन छेद दिले असते तर त्यांनी फ्रेम करून दवाखान्यात लावले असते.

फक्त पहिली गोळी. ती रोज रेनोंच्या वेगळ्या कागदावर जायची, आणि रोज उजवीकडे वर.

"चार बोटं," शुक्रवारी रेनो म्हणाले. कागद त्यांनी बोटांनी मोजला होता. "रोज चार बोटं जातेय ही, पोरी."

"नळी तापायची गोळी आहे ती. धरत नाहीत."

"हरीण धरेल."

"रेनो, त्या तीन भोकांकडे बघा ना. झाकणाखाली आहेत."

"बघितली. छान आहेत. पण जंगलात तू तीन गोळ्या झाडून मग हरणाला बोलावणार आहेस का?"

मागे रांगेत कुणीतरी हसलं. तिथंच माझं बिघडलं. ते हसणं माझ्यावर होतं, का रायफलीवर, हे मला तेव्हा वेगळं कळलं नाही. मला ऐकू आलं ते एवढंच, की गरिबाच्या वस्तूत खोट काढतायत.

"तू घरी नेल्यावर तिचं काय करतेस?" रेनोंनी विचारलं.

आज वाटतं, सगळं त्या प्रश्नात होतं. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, "डॉक्टर आले की त्यांना विचारता का असं?" रायफल उचलली आणि निघाले.

पुढच्या मंगळवारी क्लबाची बैठक होती. क्लबाचा अध्यक्ष लायल ट्रेम्बाथ. बोलणं गोड, हिशेब पक्का. त्याला रेनोंच्या जागी लोखंडी शिकंजा बसवायचा होता. रायफल त्यात आवळायची, धडाधड चार गोळ्या, पुढचा. दहा मिनिटांत एक माणूस. त्याच्या जावयाला तसला शिकंजा बनवता यायचा. पण रेनोंना ऊठ म्हणायची हिंमत कुणात नव्हती. त्यांनी निम्म्या गावाच्या रायफली बघून दिलेल्या.

लायलनं विषय काढला तो रांगेचा. मग म्हणाला, रेनो आता शहात्तर वर्षांचे, काळजी वाटते. त्याआधी आठवडाभर गावात एक गोष्ट फिरत होतीच: रेनोंनी व्हर्नाला काडतुसांच्या डब्यावरचा आकडा वाचून दाखवायला सांगितला म्हणे. चष्मा घरी राहिला होता त्यांचा. व्हर्नानंच मला तसं सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं.

आणि तरी मी उठले.

"नव्या रायफलीला नावं ठेवायच्या आधी," मी म्हटलं, "रेनोंनी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत. रायफल बरोबर मारते. वाचणारा चुकतोय."

लोक हसले. मला टोमणा मारता येतो, त्याचं मला कौतुकही आहे. तो हशा मला अगदी गोड लागला. लायल हसला नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. त्याचं काम मी फुकटात करून दिलं होतं.

रेनो मागच्या रांगेत बसले होते, टोपी गुडघ्यावर. ते उठले, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली कागद ठेवायच्या शेडची किल्ली नखानं सोडवायला लागले. कडी घट्ट होती. अख्खा हॉल बघत होता. कुणी उठून मदत केली नाही, मीही नाही. किल्ली निघाली तेव्हा त्यांनी ती कॉफीच्या किटलीशेजारी ठेवली.

"कुलूप अडतं," लायलला म्हणाले. "जरा वर उचलून फिरवायचं."

आणि गेले. दार त्यांनी नेहमीसारखं आवाज न करता लावलं.

माझं पत्रक त्याच आठवड्यात निघालं. मथळा होता, 'ही रायफल आपली आहे'. झाकणाखालच्या तीन भोकांचा फोटो टाकला. पहिल्या गोळीबद्दल एक अक्षर नाही. वाचून सातजणांनी तीच रायफल घेतली. दुकानदारानं मला फोन करून सांगितलं, आणि मी ते सगळ्यांना सांगत फिरले.

पंधरा तारखेला शाळा बंदच असते, बस चालवायची नसते. उजाडायच्या आत मी बाबांच्या जुन्या मचाणात जाऊन बसले. बर्फ घोट्याएवढा, वारा नाही. आदल्या संध्याकाळी रायफल पुसून, नळीत तेल घालून तयार ठेवली होती, बाबांनी शिकवलं तशी. साडेआठच्या सुमारास देवदारांच्या दलदलीच्या कडेनं एक शिंगाळ नर आला. आठ टोकांचा. तोंड डावीकडे करून आडवा उभा राहिला, एकशेवीस यार्डांवर. मी दुर्बिणीतली फुली त्याच्या खांद्यामागे ठेवली. हात स्थिर होता, हे मी कुणापुढंही शपथेवर सांगेन. श्वास सोडला, चाप ओढला.

तो पडला नाही. पाठीतून वाकला, आणि पोटात दुखणाऱ्या माणसासारखा आखडत, झाडांत चालत गेला. धावलासुद्धा नाही.

चालत गेला म्हणजे काय ते आमच्याकडे प्रत्येकाला कळतं. मी तासभर बसून राहिले, मग माग काढला. बर्फावर रक्त थोडं, काळपट, त्यात हिरवट चोथा. गोळी मागे लागली होती, पोटात. उजवीकडे, वर.

मी त्याला दिवसभर शोधलं. दलदलीत बर्फाखाली पाणी, बूट भरले. दुपारी नवा बर्फ पडायला लागला आणि माग पुसला गेला. दुसऱ्या दिवशी बस डेपोत लावून पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली. ओढ्यापलीकडे, मचाणापासून मैलभरही नाही. तो किती वेळ तिथं पडून जिवंत असेल याचा हिशेब मी केला, आणि नको होता करायला.

त्या सातजणांतल्या तिघांची पहिली गोळी चुकली होती, हे मला बारमध्ये कळलं. ते आपल्या हाताला दोष देत होते. मी ऐकून घेतलं आणि बिअर अर्धी टाकून उठले.

रविवारी मी रेनोंकडे गेले. ते अंगणात सौनासाठी, वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं फोडत होते. मला बघून कुऱ्हाड ओंडक्यात रोवली.

"पोटात लागली?" त्यांनीच विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुझा चेहरा. चल, कॉफी ठेवलीय."

आत स्वयंपाकघरात त्यांनी निसूचे दोन जाड काप करून माझ्यापुढे ठेवले, मग खणातून एक पाकीट काढलं. त्यावर चौकोनी अक्षरात माझं नाव. आत पाच कागद, माझ्या पाच दिवसांच्या पाच पहिल्या गोळ्या. प्रत्येकावर एक भोक, लाल वर्तुळ, तारीख. किल्ली दिली त्यांनी, पण हे कागद घरी घेऊन आले होते.

"धर," म्हणाले, आणि कागद एकावर एक नीट जुळवून खिडकीपुढे धरले. बाहेर बर्फाचा पांढरा उजेड. पाच कागदांतून एकच भोक दिसत होतं, आरपार. त्याच्या कडा जरा जाड, एवढंच.

मी वाद न घालता कागद हातात घेतले आणि पुन्हा जुळवून बघितले. ही माझ्यासारखीसाठी मोठी गोष्ट आहे.

"रायफल चांगलीच आहे," रेनो म्हणाले. "पहिली गोळीसुद्धा रोज त्याच जागी टाकते. एवढ्या स्वस्तात इतकी इमानदार नळी मी पाहिली नाही. ती तुला रोज एकच गोष्ट सांगत होती."

"मग ती जागा चुकीची का?"

"तेच विचारलं होतं. घरी नेल्यावर काय करतेस?"

"पुसते. तेल घालते."

"रोज?"

"रोज. बाबांनी शिकवलंय."

"झाडायच्या आधी कोरडं फडकं फिरवतेस नळीतून?"

"नाही."

रेनोंनी कपातली साखर ढवळली. "मग पहिली गोळी तेलातून जाते. बाकीच्या कोरड्या नळीतून. खडबडीत नळीला फरक जास्त पडतो. एक फडकं, पोरी. जुन्या बनियनचा तुकडा चालतो."

"बाबा पण फडकं फिरवायचे नाहीत."

"तुझे बाबा पहिल्या गोळीवर चिकटपट्टी लावायचे, आणि हरीण चुकलं की वाऱ्याला शिव्या द्यायचे. भला माणूस. वाऱ्याला किती शिव्या दिल्या त्यानं."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. मला वेळ मिळावा म्हणून ते खिडकीकडे बघत बसले.

"मी हॉलमध्ये बोलले ते..." मी सुरू केलं.

"ऐकलं मी. फक्त पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं बोलत नाहीस तू कधी."

"मला माहीत होतं की चष्मा राहिला होता."

यावर मात्र त्यांनी कप बशीत ठेवला. मी जाणूनबुजून तसं बोलले होते, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं मी चुकले. मी खोटं बोलले होते.

"बरं," शेवटी म्हणाले. एवढंच. आणि पाकीट माझ्या बाजूला सरकवलं.

मी डिसेंबरच्या पत्रकात सगळं लिहिलं. तेल, फडकं, पहिली गोळी, आणि चष्म्याची गोष्ट. पाच कागद एकावर एक ठेवून फोटो काढला. लोकांनी तेलाचं वाचलं आणि फडकी फिरवायला लागले. चष्म्याचं वाचून न वाचल्यासारखं केलं, कारण हसले तर सगळेच होते. रेनोंनी मला पोस्टानं पत्रक परत पाठवलं. एका जागी लाल पेन्सिल होती. मी घाईत 'तीन बोटं' लिहिलं होतं. त्यांनी तीन खोडून चार केलं होतं. बाकी काही नाही.

मग मी किल्लीसाठी भांडले. जानेवारीच्या बैठकीत उठून, होते तेवढ्या सगळ्यांसमोर, म्हटलं की मी खोटं बोलले आणि टेबल त्यांना परत द्या. लायल म्हणाला, नक्कीच, विचार करू. फेब्रुवारीत विमा आडवा आला, मार्चमध्ये सभासद कमी होते, एप्रिलमध्ये शिकंज्याचं काम अर्ध्यावर होतं. फाटक उघडायला मला चौदा महिने लागले होते, तेव्हा असल्या माणसांची मला सवय आहे. मी व्हर्नाला बरोबर घेतलं, घरोघर सह्या घेतल्या. दूधवाल्यानंही केली, हात हलवला नाही या खेपेला. सप्टेंबरच्या बैठकीत लायलनं किल्ली टेबलावर सरकवली. "घे बाई. माझ्या जावयाचा शिकंजा आता गंजू दे."

ती मुठीत घट्ट धरून मी तशीच ट्रक घेऊन रेनोंकडे गेले. इतकी खूश होते की दार वाजवायचंही भान नाही. ते स्वयंपाकघरात त्याच खुर्चीवर बसले होते. रेडिओ चालू.

"एक नंबरचं टेबल तुमचं," मी म्हटलं आणि किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

ते किल्लीकडे बघत नव्हते. माझ्या कानाकडे बघत होते. हात टेबलावर फिरवत त्यांनी किल्ली शोधली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जूनमध्ये सुरू झालं. डोळ्याच्या मधोमध राखाडी डाग आहे. कडेचं दिसतं. तुझी वेणी दिसतेय, तोंड नाही." ते थांबले. "डॉक्टर म्हणाले, आधीच्या हंगामात तपासले असते तर डोळे ठणठणीत सापडले असते. मी म्हटलं, तसं एकीनं सुचवलं होतं."

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी कसं वागायचं ते मला येतं.

त्यांचा एकच हंगाम उरला होता, मागचा. नजर शाबूत असलेला शेवटचा ऑक्टोबर. तो मी एका टोमण्यासाठी त्यांच्याकडून काढून घेतला आणि लायलच्या वहीत घातला. किल्ली मी आणून देऊ शकले. ऑक्टोबर कुठून आणणार?

"आणि तुझी रायफल?" त्यांनी विचारलं.

मी त्या सकाळी क्लबावर जाऊन आले होते, त्यांना दाखवायला म्हणूनच. कोरडं फडकं फिरवून, गार नळीतून, एकच गोळी. कागद खिशात घडी करून ठेवला होता. तो मी त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी अंगठा कागदावरून फिरवत भोक शोधलं. लगेच सापडलं त्यांना, खरवडलेली कडा लागली बोटाला. पण नेम धरायचा मधला काळा ठिपका छापलेला. तो बोटाला लागत नाही.

मी त्यांचं दुसरं बोट धरलं आणि ठिपक्यावर ठेवलं. दोन्ही बोटं एकमेकांना चिकटली.

त्यांनी अंगठा पुन्हा एकदा भोकाच्या कडेवरून फिरवला.

"तारीख घातलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"खणात पेन्सिल आहे," म्हणाले. "घाल."